पाबळचा विज्ञान आश्रम

शिरूर तालुक्यातलं पाबळ बहुतेकांना ठाऊक असतं ते मस्तानीच्या समाधीमुळे. पाऊस तिथे आधीपासूनच बेताचा. अशा गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग राहायला आले. इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. आणि हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी असलेला माणूस शाळेतून गळालेल्या पोरांना हाताशी धरून काय करणार, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी विज्ञान आश्रम काढला.

इथला मुख्य अभ्यासक्रम ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेचा. वर्षभर तिथेच राहायचं. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना करावे लागतात. मुलगा अँगल मोजायला शिकतो तसाच हिमोग्लोबिनही तपासायला शिकतो.

पाबळचा घुमट प्रसिद्ध आहे. लोखंडी अँगलचे ठरावीक लांबीचे तुकडे, टोकाला भोकं, बोल्टने जोडून त्रिकोणांची जाळी; वर कोंबडी जाळी बांधून सिमेंटचा गिलावा. ऐकायला सोपं. पण खुणेला गुण्या नीट लावला नाही किंवा भोक जरा सरकलं, तर एका सांध्यातली चूक पुढच्या सांध्यात जाते आणि शेवटचा बोल्ट काही केल्या बसत नाही. भूमितीच्या तासाला पेंगणारं पोरगं इथे आपणहून टेप मागतं.

दुसरं कसब जमिनीतल्या पाण्याचा अंदाज घेण्याचं. चार सळया सरळ रेषेत, सारख्या अंतरावर रोवायच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. अंतर वाढवत नेलं की अधिक खोलवरचा अंदाज येतो. नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्यांच्या मुलखात हे शिकवणं मला फार मोलाचं वाटतं.

कलबागांचा आग्रह होता की काम खरं हवं आणि ते वापरणारा माणूसही खरा. सरावासाठी जोडलेले तुकडे भंगारात जातात, ग्रामस्थाचं गेट मात्र त्याच्या दारात उभं राहतं. शिवाय हिशेब येतो: लोखंड किती किलो, वेल्डिंगचे रॉड किती जळाले, वीज, मजुरी, घसारा. पोराचं गणित सुधारतं ते बहुधा इथेच.

एमआयटीच्या मदतीने २००२ साली पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू राहिलं. शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषयही इथूनच गेला.

एक उणीव मला दिसते. चार विभाग एका वर्षात म्हटलं की कुठल्याच कामात हात पुरता बसत नाही. चाकणच्या कारखान्याला एकाच ट्रेडमधला आयटीआयवाला हवा असतो, तिथे हा गडी मागे पडू शकतो. गावात मात्र गेट, वायरिंग आणि पंप एकाच माणसाकडून करून घ्यायला लोक राजी असतात. हा अभ्यासक्रम बेतलाय तो त्या गिऱ्हाइकाकडे बघून.