रंध्याआधी पेचकस

पावसाळ्यात दार चौकटीला घासू लागलं की घरोघरी एकच निदान होतं: लाकूड फुगलं, रंधा मारून घ्या. गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात काय किंवा परभणी शहरात काय, हा समज सारखाच पक्का आहे आणि तो निम्माच खरा आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं, पण ते रुंदीत. धाग्याच्या दिशेने, म्हणजे दाराच्या उंचीत, त्याच्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यामुळे खरोखर फुगलेलं दार कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घट्ट होतं. दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला अडत असेल आणि खाली उंबरठ्याला घासत असेल, तर ते फुगलेलं नसून झुकलेलं आहे. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं. तिचे स्क्रू सैल झाले की कडीकडची बाजू खाली येते. तिथे रंधा मारणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

सैल स्क्रूवर आणखी जाड स्क्रू ठोकणं हा दुसरा गैरसमज. जाड स्क्रूने जुनं लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी तिथे काहीच धरत नाही. जाडीपेक्षा लांबी कामाची, कारण लांब स्क्रू आतल्या ताज्या लाकडात जाऊन बसतो. नाहीतर भोकात लाकडाच्या बारीक काड्या फेविकॉल लावून गच्च बसवाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, वर आलेली टोकं कापावीत आणि तोच स्क्रू पुन्हा पिळावा. हे करताना दाराखाली पाचर हवी, म्हणजे वजन बिजागरीवर येत नाही. बिजागरीच बदलायची असेल, तर जुनी काढून दुकानात सोबत न्यावी. चार इंची म्हणून मागितलेल्या दोन बिजागऱ्यांची भोकं एकाच जागी असतील याची खात्री नसते.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सुतार पाच मिनिटांत रंधा मारून मोकळा होतो. पण श्रावणात तासलेलं लाकूड उन्हाळ्यात परत येत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या चैत्र-वैशाखात तेच दार आकसतं आणि फटीतून धूळ आत येते. दार खरंच फुगलेलं असेल, तरी आधी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा तपासाव्यात. रंगारी दिसणाऱ्या दोन्ही बाजू रंगवतो आणि या कडा बहुतेक वेळा कोऱ्याच राहतात. लाकडाचे उघडे धागे सगळ्यात जास्त ओलावा पितात ते तिथूनच. दिवाळीनंतर, दार सुकल्यावर, त्या कडांना रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात रंध्याची गरज बहुधा पडत नाही. चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. जिल्ह्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरची भिंत हलली की चौकट तिरकी होते. कर्ण सारखे नसतील तर दोष दाराचा नाहीच. तिथे सुतार नव्हे, गवंडी लागतो.

प्लास्टिकचं दार घेतलं की कटकट संपते, असंही म्हटलं जातं. पाणी त्याला बाधत नाही हे खरं आणि न्हाणीघराला ते योग्यच. पण उष्णतेने ते लाकडापेक्षा नि लोखंडापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. तापमानात 30 अंशांचा फरक धरला, तर 2 मीटर उंचीचं पीव्हीसीचं दार 3 ते 5 मिलिमीटर वाढतं. तेवढंच लोखंडी दार 1 मिलिमीटरही वाढत नाही. पश्चिमेच्या उन्हात बसवायचं असेल तर ही जागा आधीच सोडावी लागते.

शेवटचा समज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या शेतातून आला आहे. कुरकुरणाऱ्या बिजागरीत स्वयंपाकाचं तेल सोडतात. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखा करडईचा वाण दिला, त्यामुळे करडईचं तेल या भागाला परकं नाही. पण करडई आणि जवस यांची तेलं हवा लागली की वाळून चिकट, घट्ट थर धरतात. बिजागरीत किंवा कुलपात गेली की धूळ धरतात आणि दोन महिन्यांत ती पहिल्यापेक्षा जड चालते. तिथे मशीनचं हलकं तेल हवं. मात्र ज्या गुणामुळे हे तेल लोखंडाला नको, त्याच गुणामुळे जवसाचं तेल लाकडाला हवं. कोऱ्या सागवानावर त्याचा पातळ हात दिला की ते वाळून ओलाव्याला आवर घालतं आणि खिडकीच्या काचेची जुनी लांबीही खडूची भुकटी याच तेलात मळून करतात. हात फिरवल्यावर तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना तेल तापतं आणि चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्यात भिजवावं किंवा बाहेर दोरीवर मोकळं पसरावं.