रोपिलेलें मूत्रपिंड आणि डोळ्यावरील संकट

आपल्या शरीराच्या वेशीवर रात्रंदिवस पहारा असतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. हा पहारेकरी मोठा इमानी; परंतु त्यास आपला व परका एवढाच भेद कळतो. म्हणून एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहांत बसविलें कीं तो त्यावरही तुटून पडतो. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली, ती एकसारख्या जुळ्या भावांवर. तेथें परकेपणाच नव्हता. इतरांच्या बाबतींत पहारेकऱ्यास औषधांनीं गुंगींत ठेवावें लागतें, आणि तेंही अवयव टिकावयाचा तोंवर.

ह्या गुंगीचा लाभ घेणारा एक विषाणु आहे. सायटोमेगॅलो हें त्याचें नांव. पुष्कळांच्या शरीरांत तो लहानपणींच शिरून निमूट पडून राहिलेला असतो. पहारा ढिला होतांच तो जागा होतो व क्वचित् डोळ्यांतील दृष्टिपटलापर्यंत पोंचतो. डोळा दुखत नाहीं, बहुधा लालही होत नाहीं. नजरेपुढें काळे ठिपके तरंगूं लागतात, एखाद्या बाजूचें दिसेनासें होतें. दुखत नाहीं म्हणून रोगी स्वस्थ बसतो, हेंच आम्हांस सर्वांत भयंकर वाटतें. कारण दृष्टिपटलाचा जो भाग एकदां मेला, तो पुन्हां जिवंत होत नाहीं.

यावर गॅन्सिक्लोव्हिर नांवाचें औषध दोन-तीन आठवडे, दिवसांतून दोनदां, शिरेंतून देतात. डाग दृष्टीच्या मध्याजवळ असल्यास तें सुईनें प्रत्यक्ष डोळ्यांतही सोडतात. ह्यानें विषाणु समूळ मरत नाहीं, त्याची वाढ खुंटते. म्हणून पुढेंही कांहीं काळ कमी मात्रा चालू ठेवावी लागते. ह्याच औषधाचें थोरलें भावंड असायक्लोव्हिर. तें जिच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालें, त्या गर्ट्रूड एलियन बाईंनींच पूर्वीं हिचिंग्ज यांच्यासह अझाथायोप्रिन हें पहारेकऱ्यास निजविणारें औषधही शोधलें होतें! दोघांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ह्या बाई कांहीं काळ हायस्कुलांत शिकवीत असत, हें सांगतांना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

खरी कसोटी पुढें आहे. गॅन्सिक्लोव्हिरनें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्त वारंवार तपासावें लागतें. फॉस्कारनेट हें दुसरें औषध आहे, परंतु त्याचा घाला नेमका मूत्रपिंडावर पडतो. गुंगीचें औषध कमी करावें तर पहारेकरी विषाणूशीं झुंजूं लागतो. फार कमी करावें तर तो रोपिलेल्या मूत्रपिंडावरच उठतो. म्हणून किती गोळ्या कमी करावयाच्या हें नेत्रवैद्य व मूत्रपिंडाचे वैद्य एकत्र बसून ठरवितात, आणि दर खेपेस बाहुली मोठी करून डाग वाढला कीं आंखडला तें पाहून पुन्हां ठरवितात.