राउटर, स्लॅब आणि तार

बहुमजली घरासाठी वायफाय राउटर घेताना ज्याला अँटेना अधिक त्याचा पल्ला मोठा, असा समज रूढ झाला आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. राउटरने किती शक्तीने लहरी सोडाव्यात याची कमाल मर्यादा सरकारी नियमांनीच घालून दिली आहे; महागड्या यंत्रासही तिच्या आतच राहावे लागते. शिवाय हा संवाद दुतर्फा असतो. राउटरचा संदेश वरच्या मजल्यावर पोहोचला, तरी मोबाइलचे क्षीण उत्तर खाली पोहोचावयास हवे.

खरी आडकाठी स्लॅबची आहे. लोखंडी सळया व काँक्रीट लहरींना अडवितात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यातून तुलनेने बऱ्या पार होतात; ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माहिती अधिक वेगाने पोहोचवितात, परंतु लवकर क्षीण होतात. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राउटर घ्यावा, तो मधल्या मजल्यावर जिन्याजवळ उघड्यावर ठेवावा, आणि उरलेला पैसा तारेवर खर्च करावा. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. तिच्या टोकाशी प्रत्येक मजल्यावर एक अ‍ॅक्सेस पॉइंट बसविला की स्लॅबचा अडसर उरत नाही. तार नेणे अशक्यच असेल, तर बिनतारी मेश संच हा दुय्यम पर्याय.

२०२० च्या टाळेबंदीत शाळाच घरात आली. तेव्हापासून वरच्या खोलीतील विद्यार्थ्यास मिळणारी जोडणी ही चैन राहिलेली नाही. नवे घर बांधणाऱ्याने विजेच्या नळीशेजारी केबलसाठी स्वतंत्र नळी सोडण्याचा आग्रह आरंभीच धरावा, हे उत्तम.