रिकाम्या कुकरचं गाणं

जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या आणि ऑगस्टमध्ये औरंगाबादच्या यशराज मुखाटे या तरुणाने ‘साथ निभाना साथिया’ मालिकेतला एक प्रसंग उचलला. कोकिलाबेन घरातल्या सुनांना फैलावर घेतात: कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर गॅसवर चढवला कोणी? मालिकेत हा प्रसंग अगदी गंभीर होता. मुखाटेने त्याला ठेका दिला आणि ‘रसोडे में कौन था’ काही दिवसांत देशभर वाजू लागलं.

दुसऱ्याच्या मालावर केलेली ही हातसफाई, असं म्हणून अनेकांनी तेव्हा विषय मिटवला. पण या कामाकडे जवळून पाहिलं, तर ते आधी ऐकण्याचं काम आहे.

बोलताना माणसाचा आवाज एका सुरावर थांबत नाही. प्रश्न विचारताना तो चढतो, दटावताना उतरतो. संवाद पुन्हा पुन्हा ऐकला की या चढउतारात एखाद-दोन शब्द गाण्याच्या सुरावर टेकलेले सापडतात आणि त्यांवरून पट्टी ठरते. मग खाली कॉर्ड धरायच्या, बोलण्याच्या गतीवरून लय बांधायची आणि पडद्यावर आवाजाची लहर मोठी करून शब्द कापायला घ्यायचे. खरी कसोटी इथेच. ‘कौन’मधल्या ‘क’च्या जरा अलीकडे कापलं, तर शब्द मात्रेच्या मागे पडतो, जरा पलीकडे कापलं, तर ‘क’ निसटतो आणि हाती नुसता ‘औन’ राहतो. सूर सरळ करणारं ऑटोट्यून १९९७ पासून उपलब्ध आहे, पण ते बेतानेच वापरावं लागतं. सगळंच सुरात ओढलं, तर कोकिलाबेन साकारणाऱ्या रूपल पटेल यांच्या आवाजातली जरब जाते, आणि त्या जरबेवरच तर हे गाणं उभं आहे.

ही वाट जुनी आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९८८ मध्ये ‘डिफरंट ट्रेन्स’ रचताना ध्वनिमुद्रित मुलाखतींतल्या बोलण्याचे सूर टिपले आणि ते तंतुवाद्यांकडून वाजवून घेतले. नाझी छळातून वाचलेल्यांचे आवाज त्यात आहेत.

इंटरनेटने यात भर घातली ती ऐकणाऱ्यांच्या हातांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाकिस्तानच्या दनानीर मोबीन हिच्या ‘ही आमची गाडी, हे आम्ही आणि ही आमची पावरी’, म्हणजे पार्टी, असं सांगणाऱ्या छोट्याशा व्हिडिओला मुखाटेने चाल दिली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना लोकांनी आपापली गाडी, आपली माणसं, आपली मेजवानी त्यात बसवली. प्रत्येकाने साचा तोच ठेवला, पण आत घर स्वतःचं घातलं. या माध्यमाचं सर्वांत लोभस रूप ते हेच.

मात्र ज्याचा आवाज, त्याचं काय? २०१० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात अँटवान डॉडसन हा तरुण बहिणीवर झालेल्या हल्ल्याच्या प्रयत्नाबद्दल वार्ताहराशी संतापाने बोलला. ग्रेगरी ब्रदर्स या मंडळींनी त्याचं ‘बेड इंट्रूडर साँग’ केलं आणि ते बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत पोहोचलं. एका घराच्या दुःखावर जग हसलं, ही बोच राहतेच. पण त्यांनी डॉडसनला गीतकार म्हणून श्रेय दिलं आणि कमाईतही वाटा दिला. हे वागणं अनुकरणीय आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला आपल्या सादरीकरणाबरोबर नाव लागण्याचा हक्क मिळाला. फोनवरच्या धबडग्यात त्याची आठवण कोण ठेवतो? मूळ आवाज कोणाचा हे न सांगता फिरणारी रील रोज दिसते. रील बनवणाऱ्यांनी खुशाल कापावं, जोडावं, ठेक्यावर बसवावं. फक्त ज्याचा आवाज घेतला, त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहावं.