अपिलात नेमके काय तपासले जाते?

दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली की कोर्टाच्या आवारातच नातेवाइकांना सल्ले मिळू लागतात. 'पंचनाम्यात तारीख चुकलीय, वरच्या कोर्टात पोरगा सुटलाच समजा,' असे एक जण सांगतो. 'आता काही होत नाही, वकिलावर पैसे घालवू नका,' असे दुसरा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा अधिक घातक.

प्रत्येक चुकीने शिक्षा रद्द होत नाही. त्या चुकीमुळे आरोपीवर खरोखर अन्याय झाला का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 511 नुसार पाहिले जाते. पुराव्याचेही तसेच. घ्यायला नको होता असा पुरावा खालच्या न्यायालयाने घेतला, तरी तो वगळून उरलेला पुरावा पुरेसा असेल तर शिक्षा कायम राहते. त्यामुळे कसबी वकील चुकांची यादी करून थांबत नाही. अमुक पुरावा वगळला तर खटल्यात काय उरते, हे तो दाखवतो.

'पोलिसांपुढे कबूल केलेय, मग अपील कशाला?' हा असाच एक समज. पोलिस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. आरोपीने सांगितल्यावरून चोरीचा माल किंवा हत्यार सापडले, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला भागच ग्राह्य धरतात. ही मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने 1946 मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात आखून दिली आणि आजही न्यायालये तिचाच आधार घेतात.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र ओळखीबद्दलचा आहे. साक्षीदाराने बोट दाखवले की विषय संपला, असे लोकांना वाटते. तपासात संशयिताला इतरांमध्ये उभे करून साक्षीदाराला ओळखायला लावतात ती ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे. न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख हा मूळ पुरावा, परेड फक्त त्याला बळ देते. परेडीपूर्वीच आरोपीचा चेहरा किंवा फोटो साक्षीदाराला दाखवला असेल, तर तेही बळ ओसरते.

ओळखीतली चूक किती भयंकर ठरू शकते, ते नाशिकच्या खटल्यात दिसले. जून 2003 मध्ये तिथे एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. प्रकरण पुनर्विलोकनात पुन्हा उघडले आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. सहापैकी एक जण तर घटनेवेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला झाला. तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, आणि ज्या कुटुंबाने माणसे गमावली त्याच्या हातीही न्याय आला नाही.

अपील म्हणजे सगळे साक्षीदार पुन्हा बोलावणे, असेही नाही. अपील न्यायालय खालच्या न्यायालयाचे कागद वाचते. नवा पुरावा क्वचितच घेतला जातो. म्हणून उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न नंतर महागात पडतो. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकीलच दिला नाही, तर मात्र खटल्याचा पायाच ढासळतो: याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सुक दास खटल्यातली शिक्षा रद्द केली.

अपील केले तर शिक्षा वाढेल, ही भीतीही अनेकांना गप्प बसवते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही; त्यासाठी सरकारचे वेगळे अपील किंवा न्यायालयाची वेगळी नोटीस लागते. उलट, नुसते अपील दाखल केले म्हणून शिक्षा थांबतही नाही. स्थगिती आणि जामिनासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला 60 दिवस मिळतात, फाशी असेल तर 30. जबरी चोरीचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालला असेल तर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील करायचे. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. कैदेतल्या माणसाला अपील तुरुंग अधिकाऱ्याकडे देता येते, आणि कोठडीत असल्यामुळेच तो विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाला पात्र ठरतो.