अधारतालला सोयाबीन आले, वस्ताद आला नाही

जबलपूरमध्ये तलावांवरून ओळखल्या जाणाऱ्या अनेक वस्त्या आहेत. राणी दुर्गावतीचे राणीताल, तिच्या दासीचे चेरीताल आणि तिचे मंत्री आधारसिंह यांचे अधारताल, अशी त्यांच्या नावांची कथा तिथे सांगितली जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपर्यंत मात्र अधारताल पोहोचले ते बियाण्याच्या पिशवीतून. लातूर, वाशीमच्या शिवारांत वर्षानुवर्षे पेरल्या गेलेल्या ‘जेएस ३३५’ या वाणातील ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची ही देणगी. या सोयाबीनविषयी लिहावे म्हणून मी अधारतालला गेलो होतो. परतलो तो बास्केटबॉलचा विचार करत.

त्याचे कारण झाला एक तरुण. मी उतरलो होतो त्या घराच्या वरच्या खोलीत तो भाड्याने राहतो. पहाटे साडेचारला उठून एका खासगी व्यायामशाळेत जातो, दुपारी परततो आणि संध्याकाळी शहरातील एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाला तयार करतो. तो संघाचा प्रशिक्षक नाही. चेंडू कसा टाकावा, बचाव कसा रचावा, हे काम दुसऱ्याचे. उडी मारणारे, धावता धावता एकदम थांबणारे आणि पुन्हा उसळणारे शरीर घडवणे हे याचे काम. इंग्रजीत या पेशाला ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’ असे लांबलचक नाव आहे. आपल्याकडे ‘वस्ताद’ हा शब्द त्याच्या बऱ्याच जवळ जातो. शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी त्याच्याजवळ आहे. महाविद्यालयाच्या मानधनाच्या पावतीवर मात्र कामाचे स्वरूप ‘मैदान देखभाल’ असे लिहिलेले असते. त्याच्या कामासाठी दुसरा रकानाच नाही, असे लेखा विभागाने त्याला सांगितले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. लेखा विभागाचे म्हणणे खरेच होते.

हे पद कुठून आले, हे पाहिले की या रकान्याची गोष्ट अधिक विचित्र वाटू लागते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्ली या आपल्याच माजी बांबूउडीपटूला फुटबॉल संघाचे बळ वाढवण्यासाठी पगारावर नेमले. तोवर वजने उचलल्याने खेळाडू जड आणि मंद होतो, अशी अमेरिकी प्रशिक्षकांची ठाम समजूत होती. १९७८ मध्ये एप्लींच्याच पुढाकाराने या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८५ मध्ये तिची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. फुटबॉलमधून ही पद्धत बास्केटबॉलमध्ये गेली आणि आज तिथल्या मोठ्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाजवळ स्वतःचा असा तज्ज्ञ असतोच.

नेब्रास्का हे सरकारी जमिनीच्या अनुदानातून उभे राहिलेले विद्यापीठ आहे. तिथल्या भाषेत ‘लँड ग्रँट’. इलिनॉय विद्यापीठही त्याच कुळातील. आणि अधारतालचे कृषी विश्वविद्यालय उभे राहताना मार्गदर्शनाला आले ते हेच इलिनॉय. संशोधन, अध्यापन आणि विस्तार ही त्रिसूत्री तिथून आली, सोयाबीनही आले. याच इलिनॉयमध्ये थॉमस क्युरटन यांनी १९४४ मध्ये शारीरिक क्षमतेच्या संशोधनाची प्रयोगशाळा सुरू केली होती. म्हणजे बियाणे सुधारण्याचे शास्त्र आणि शरीर सुधारण्याचे शास्त्र एकाच आवारात नांदत होते. आपण त्यातले एक मागितले, दुसरे मागितले नाही. त्याबद्दल त्या पिढीला दोष देता येणार नाही. १९६४ साली धान्याची जहाजे येण्याची वाट पाहणाऱ्या देशाला बास्केटबॉलपटूंच्या मांड्यांची चिंता करायला वेळ नव्हता.

पण विस्तार ही कल्पना आपण फार चांगली आत्मसात केली आणि मला त्या तरुणाचे काम समजले ते तिच्यामुळेच. संशोधकाला वाण माहीत असतो, शेतकऱ्याला आपले शेत माहीत असते. मधले अंतर कोणीतरी पगारावर, रोज, पायी तोडावे लागते. त्यासाठी १९७४ मध्ये पुद्दुचेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत आणि प्रत्येकासाठी प्रमुख, विषयतज्ज्ञ, सहायक अशी सोळा पदांची रचना ठरलेली आहे. ती सगळी भरलेली असतात असे नाही. पण पद कागदावर असले की ते रिकामे आहे, अशी तक्रार तरी करता येते. खेळाडूचे शरीर आणि शरीरशास्त्र यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसासाठी तेवढीही सोय नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत क्रीडा विभागासाठी शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक, उपसंचालक आणि सहायक संचालक अशी उतरंड आहे. मध्य प्रदेशच्या शासकीय महाविद्यालयांत क्रीडा अधिकारी लोकसेवा आयोगामार्फत निवडला जातो. आयोगाच्या नियमावलीत एक गमतीची तरतूद आहे: उमेदवाराची स्वतःची धावण्याची चाचणी. तिशीच्या आतील पुरुषाने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर कापले पाहिजे. अधिकारी स्वतः धावू शकतो का, हे राज्यव्यवस्था घड्याळ लावून तपासते. दुसऱ्याला इजा न होता धावायला कसे शिकवावे, हे काम मात्र तिने कोणाकडेच वेगळे सोपवलेले नाही. स्पर्धा भरवणे, पथके नेणे, साहित्य खरेदी करणे, वर्ग घेणे हे सारे करून एकाच माणसाने तेही उरकावे, अशी अपेक्षा आहे.

बास्केटबॉलमध्ये हे ‘उरकणे’ महाग पडते. खेळाडू एका सामन्यात कितीतरी वेळा उडी मारतो आणि जमिनीवर येताना त्याच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या काही पट भार पडतो. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांची मैदाने लाकडी नव्हे, सिमेंटची असतात. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना बराच अधिक असतो. उतरताना गुडघे आत न वळवता वाकवणे, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करणे, सरावापूर्वी ठरावीक हालचाली करणे यांनी तो लक्षणीय कमी होतो. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो रोज पाहणारा डोळा. अधारतालच्या त्या तरुणाजवळ दोन जुने लोखंडी दांडे आहेत, वाळू भरलेल्या काही पिशव्या आहेत आणि एक वही आहे. प्रत्येक मुलीची उडी किती, कोणता गुडघा दुखतो, परीक्षेच्या आठवड्यात झोप किती झाली, हे सारे तो त्या वहीत लिहितो.

आपल्याला हे शास्त्र नवे नाही, असे कोणी म्हणेल. अमरावतीला १९१४ मध्ये सुरू झालेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. मध्य प्रदेशने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. तालमीतला वस्ताद तर पैलवानाचा खुराक, झोप आणि व्यायाम तिन्ही सांभाळत आला. हा अभिमान मला मान्य आहे, पण तो पुरेसा वाटत नाही. वस्तादाला गाव पोसत होते, संस्थानिक पोसत होते. महाविद्यालयाच्या अर्थसंकल्पात गाव नसते.

अमेरिकेची नक्कलही मला नको आहे. तिथे हे पद वाढले ते तिकिटांच्या आणि दूरचित्रवाणीच्या पैशावर. आपल्या महाविद्यालयांना तसे उत्पन्न नाही आणि व्हावे असेही मला वाटत नाही. शिवाय तिथे मुख्य प्रशिक्षक बदलला की त्याचा माणूस म्हणून क्षमता-प्रशिक्षकाचीही अनेकदा गच्छंती होते. मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस सराव थांबवायला कचरतो. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावातील उष्माघातानंतर मरण पावला. त्यानंतर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे असावा, यावर तिथे पुन्हा गंभीर वाद झाला.

तो वाद आपल्या दारापासून दूर नाही. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवारांचे प्राण गेले. अधारतालच्या रस्त्यांवर पहाटे मुले धावताना दिसतात. लष्करी केंद्रांच्या या शहरात भरतीचे स्वप्न घरोघरी आहे. त्यांना कोण शिकवते, असे मी विचारले. ‘सर, मोबाइल,’ असे उत्तर मिळाले.

प्रत्येक महाविद्यालयाला असा माणूस मिळणार नाही, हे उघड आहे. प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या असताना नवे पद मागणे उद्धटपणाचे वाटेल. पण जिल्ह्यातील पाच-सहा महाविद्यालयांसाठी एक, कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञासारखा, नियमित वेतनश्रेणीचा आणि संघाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली नसलेला माणूस नेमणे अशक्य नाही. खेळाडूंसोबत भरतीसाठी धावणारी मुलेही त्याच्याकडे येतील.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण भेटला, तेव्हा नागपूरच्या एका व्यायामशाळेची नोकरी त्याने स्वीकारली होती. पगार दुप्पट, काम मध्यमवयीनांची पोटे कमी करण्याचे. वही पुढच्या माणसाला द्यायची होती, म्हणून ती कोणाकडे सोपवू, असे त्याने महाविद्यालयात विचारले. चेंडूंच्या कपाटात ठेवून किल्ली कार्यालयात द्या, असे त्याला सांगण्यात आले. त्याने तसे केले नाही. बारा मुलींची पाने फाडून ती ज्याची त्याला देऊन टाकली.