फाशांनी घडवलेली पात्रं

भूमिका-खेळातल्या फाशांवर पैसा लावत नाहीत, त्यांतून पात्र ठरतं. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात ताकद, बुद्धी अशा प्रत्येक गुणासाठी तीन सहा-बाजूंचे फासे टाकून बेरीज करायची. एकूण शक्यता २१६. त्यांत १८ एकदाच, १० किंवा ११ तब्बल ५४ वेळा. म्हणजे बहुतेक वीर बेताचेच! हा अन्याय टाळायला अनेक जण फासे न टाकता ठरावीक अंक आपल्या पसंतीने गुणांमध्ये वाटतात. खेळ महिनोन्‌महिने चालणार असेल, तर अन्यायाची ही हरकत रास्तच. पण मग प्रत्येक योद्धा ताकदच घेतो आणि सगळे सख्खे भाऊ वाटू लागतात. बुद्धी ६ असलेला सरदार सहसा कुणी मागून घेत नाही. तो पदरी पडला, की त्याचा भोळेपणा, त्याची बोली, तो कुणाच्या सल्ल्याने चालतो, हे सगळं खेळाडूला रचावंच लागतं.